वरच्या खोलीची राखण

तुळजापूर,
शनिवार, दुपार

प्रिय निकिता,

पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, घरी सगळं ठीक आहे. आई ठणठणीत आहे, शिवू ठणठणीत आहे, आणि मी रोज मोटारसायकलवरून बेंबळीच्या शाळेत जाऊन, पोरांकडून पाढे म्हणून घेऊन सुखरूप परत येतोय. रविवारी तुला फोन मिळतो दहा मिनिटं. त्यातली चार शिवू खाते, तीन आई खाते, आणि उरलेल्या तीन मिनिटांत आपण दोघं एकमेकांना जेवणाचं विचारतो आणि वेळ संपते. मला जे सांगायचंय ते तीन मिनिटांत मावणारं नाही. शिवाय त्यातलं काही तोंडानं सांगायची मला लाज वाटते. कागदाला तोंड बघायचं नसतं, म्हणून हे पत्र.

तू मागितलेला कागद याच पाकिटात आहे. वेगळी घडी घालून त्याला पिन मारली आहे. ट्रेनिंग अर्ध्यात सोडून घरी यायचं म्हणतेस, त्यासाठी घरून जो अर्ज हवा होता, तोच. खाली माझी सही आहे. पण तुला माझी शपथ, ती पिन आत्ता काढू नकोस. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. तू अभ्यासाला बसायचीस तेव्हा मी चहा घेऊन दार वाजवलं की आतून म्हणायचीस, 'एवढं पान संपू दे.' चहा गार व्हायचा, पण तू पान संपवायचीसच. तसंच समज.

वरच्या खोलीत, तुझ्या अभ्यासाच्या टेबलाशी बसून लिहितोय. आज सकाळची शाळा होती. जेवून वर आलो तर शिवू पलंगावर झोपलेली. एक पाय भिंतीला लावलेला, तोंड अर्धं उघडं, आणि हातात तुझी ती निळी ओढणी. खिडकीतून ऊन आत आलंय, पण हे कार्तिकातलं ऊन, अंगाला लागत नाही, नुसतं पांघरुणावर पसरून राहतं. लांब टेकडीवरच्या पवनचक्क्या इतक्या हळू फिरतायत की बघता बघता मलाच जांभई आली. दोनदा पेन हातातून गळालं. मधेच मला वाटलं, मागं तू बसलीयस आणि पुस्तकाचं पान उलटलंस. वळून बघितलं तर भिंतीवरचं कॅलेंडर वाऱ्यानं हललं होतं. असं या खोलीत फार होतं. शिवू उठू नये म्हणून पेनसुद्धा हळू चालवतोय.

तू जाताना कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला कागद अजून तिथंच आहे. पहिला आठवडा पलंगाशेजारी खुर्ची आणि हातात हात. दुसरा आठवडा खुर्ची खोलीच्या मध्यावर. तिसरा आठवडा दाराशी. चौथा आठवडा दाराबाहेर, जिन्यात. पुढं खुर्ची बंद. खाली लाल पेनानं लिहिलंयस, 'घाई करायची नाही, रागवायचं नाही, फसवायचं नाही.' फौजदार होणाऱ्या बाईचा कागद, त्यामुळं मीही गुमान मान डोलावली होती. तुझं कारण मला पटलं होतं. पुढं तुझी नोकरी म्हणजे रात्रीची गस्त, बंदोबस्त, कधीही बोलावणं. झोपताना जिला तुझ्या कानाची पाळी हातात लागते, तिनं तुझ्या प्रत्येक ड्यूटीला रडायचं का? त्यापेक्षा तू नसतानाच तिला एकटं निजायची सवय लागली, तर तू आल्यावर ती आनंदानं निजेल आणि तू निश्चिंत जाशील. आईला हे अजिबात पटलं नव्हतं. 'लेकरू हाय का पाव्हणा हाय, त्याला येगळी खोली द्यायला?' हे तिनं तुझ्यासमोर एकदाच म्हटलं. तू गेल्यावर रोज म्हणायला लागली.

तू गेलीस त्या आठवड्यात शिवूनं माझा कान धरायला सुरुवात केली. चाचपून बघायची आणि म्हणायची, 'पप्पा, तुमचा कान टोचलेला न्हाय.' तिला पाळीवरचा डूल फिरवायची सवय. चार दिवस हे ऐकून मी खरंच सोनाराच्या दुकानापाशी गाडी थांबवली होती. मग शाळेतली पोरं काय म्हणतील याचा विचार करून पुढं गेलो. हे कुणाला सांगू नकोस.

पलंग धुळाप्पा सुताराकडून करून घेतला. गडी म्हातारा झालाय, पण काम पाहावं त्याचं. 'मास्तर, पाय आसे मजबूत ठिवलोय बगा, पोरगी लग्नाला आली तरी मोडत न्हाय,' म्हणाला. पलंग टेम्पोत घालून आणायचा, एवढाच माझा बेत. पण शिवू आडवी. तिनं गेल्या दसऱ्याला तुझ्या खांद्यावर बसून देवीचा पलंग आलेला बघितला होता. नगरहून गावोगावचं हळदी-कुंकू घेत, वाजतगाजत येणारा. तिचं म्हणणं, पलंग टेम्पोतून येत नसतो. झालं. मी पुढं आणि धुळाप्पा मागं, असा डोक्यावर पलंग घेऊन आम्ही भर दुपारी गल्लीतून निघालो, आणि आमच्यापुढं शिवू, ताटली आणि चमचा वाजवत. पलंग तिनं मला दोनदा खाली ठेवायला लावला, कारण 'देवीचा पण इसावा घेतो.' शेजारच्या शांताक्का दारात उभ्या. त्यांनी हसता हसता खरंच आत जाऊन करंडा आणला, पलंगाच्या चारी पायांना हळदी-कुंकू लावलं आणि मला म्हणाल्या, 'मास्तर, जरा सावकास चला की, पलंग निघालाय.' मागं एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत थांबला होता. माझी मान चार दिवस वळत नव्हती.

गादी मात्र आईनं केली. देवीच्या गाद्यांचा कापूस पिंजायला बायका जमतात, तिथं आई दरवर्षी जाते, तुला ठाऊक आहे. या वर्षी तिथून आली आणि तोंडानं नाही नाही म्हणत घरात कापूस पसरून बसली. शांताक्का आल्या, दोघी गाणी म्हणत सरक्या वेचायला लागल्या. संध्याकाळचं तिरपं ऊन, त्यात सगळीकडं कापसाचे तंतू तरंगतायत, आणि मधोमध शिवू त्यांना धरायला उड्या मारतेय. तिच्या पापण्यांवर कापूस, केसांत कापूस. मी दारातच चपला हातात घेऊन उभा राहिलो. आत पाऊल टाकलं तर ते सगळं विस्कटेल असं वाटलं. तू असायला हवी होतीस, एवढंच परत परत मनात येत होतं.

आता माझा पराक्रम ऐक. पहिल्या दिवशी खुर्ची पलंगाशेजारी. शिवूनं हात धरला. खिडकीतून पवनचक्क्यांच्या डोक्यावरचे लाल दिवे दिसतात ना, ते मोजायला लागली. सगळे एकदम लागतात, एकदम विझतात. अकरा मोजून झाले की परत एकपासून. ती मोजत होती आणि मी ऐकत होतो, आणि तिसऱ्या अकराला मी झोपलो. शिवूनं माझा हात अलगद सोडवला, माझ्या मांडीवर तिची बाहुली ठेवली आणि खाली जाऊन आईला सांगितलं, 'पप्पा झोपले. मी आले.' असं सलग सहा दिवस झालं. तुझ्या कागदाप्रमाणं खुर्चीत बसून झोपायची सवय मला मात्र चांगली लागली.

सातव्या दिवशी आईला राहवलं नाही. भाद्रपदातली वद्य अष्टमी होती, देवी निद्रेला जायचा दिवस. संध्याकाळी तिनं शिवूला मांडीवर घेतलं आणि सांगितलं की आज देवी सिंहासनावरून उतरून तिच्या शेजघरात पलंगावर निजणार, थेट आठ दिवस. शिवूनं विचारलं, देवीजवळ कोण निजतं? आई म्हणाली, 'कुनी न्हाय. येकटीच. बाहीर राखण असती, आत कुनी न्हाय.' मग देवीला भीती नाही वाटत? आईचा आवाज चढला. 'देवी काय भ्याली म्हून निजती व्हय? शक्ती घ्यायला निजती. म्हैसासुराशी लढायचंय तिला. आठ दिस पुरी निजली तर जितंल. मधीच कुनी उठिवलं, तर राक्षस जितंल.' शिवू उठली, उशी घेतली आणि जिना चढली. वरून ओरडून सांगितलं, 'खुर्ची नको. मी आठ दिवस निजणार हाय.'

आणि निजली, निकिता! आठच्या आठ दिवस. हाक नाही, रडणं नाही. सकाळी उठून स्वप्नं सांगायची. एकदा म्हणाली, पवनचक्की टेकडीवरून चालत घरात आली होती आणि माडीवर बसून कापूस पिंजत होती. एकदा म्हणाली, पलंगाला पाणी लागलं होतं, तुझ्या माहेरच्या माकणीच्या धरणासारखं, आणि आम्ही सगळे पलंगावर बसून तुझ्याकडं येत होतो. मी कपाटातल्या कागदावर सगळ्या आठवड्यांपुढं एकदम बरोबरच्या खुणा करून टाकल्या आणि रविवारी फोनवर छाती फुगवून तुला सांगितलं, लागली सवय. तू म्हणालीस, 'खरं?' मी म्हणालो, 'अगदी!' तुझा कागद सांगत होता घाई करायची नाही, आणि इथं आईनं एका संध्याकाळीत काम केलेलं. मला तर तुमच्या दोघींत आई जिंकल्याचा थोडा आनंदही झाला होता, आता कबूल करायला हरकत नाही.

घटस्थापनेच्या पहाटे डोळे उघडले तर शिवू उशी घेऊन माझ्या डोक्याशी उभी. 'पप्पा, सरका. निद्रा संपली. देवी सिंहासनावर बसली.' तिचा हिशेब चोख होता, चूक आमची होती. पुढचे नऊ दिवस नवरात्र, आपल्या घरात नवरात्रात कुणी गादी-पलंगावर निजत नाही, त्यामुळं सगळे खाली चटईवर ओळीनं. शिवू मधोमध, एक हात माझ्या कानावर, एक आईच्या. दसऱ्याला सीमोल्लंघन करून देवी दमून परत निजली, तशी ही पण वर गेली. पाच दिवस. कोजागरीला दूध पिऊन उशीसकट खाली. मी हात जोडून विचारलं, बाई, आता पुन्हा कधी? तिनं आज्जीला विचारलं, आज्जीनं कॅलेंडर बघितलं, आणि मला निकाल कळवण्यात आला, 'पौषात.' हे तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू इतकी हसलीस की तुझ्यामागं रांगेत उभ्या असलेल्या मुलीपण हसायला लागल्या. तुझं ते हसणं मी अजून जपून ठेवलंय, कारण त्यानंतर तू तशी हसलेली नाहीस.

दिवाळीला तुला सुट्टी मिळाली नाही. शिवूनं उटणं लावून घेतलं नाही. 'कानामागं मम्मीच लावती,' म्हणून मोरीच्या दारात आडवी उभी राहिली, शेवटी आईनं नुसतं तेल लावलं. भाऊबीजेच्या संध्याकाळी ती जिन्यात आकाशकंदिलाखाली बसली होती. रडत होती, पण आवाज नाही. शिवूचं मोठ्यानं रडणं आपल्याला पाठ आहे, हे मी कधी बघितलं नव्हतं. माझी हिंमत झाली नाही जवळ जायची. आईनं तिला उचलून ओसरीवर नेलं आणि बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. मला आतून तुटक तुटक ऐकू येत होतं. शक्ती, देवी, तुझं ट्रेनिंग संपतं तो जून महिना. नेहमीचं असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर शिवूनं उशी उचलली आणि वर गेली. कुणी सांगितलं नव्हतं. दार आतून लोटून घेतलं. आई घाबरीघुबरी माझ्याकडं आली, 'आरं, ही आत्ताच कशी निजाय गेली? पौष तर लांब हाय.' तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. पहिल्या वेळी आठ दिवस निजून नवव्या दिवशी खाली आली होती, तशीच येईल म्हणून मी वाट बघितली. नववा आला आणि गेला, ती खाली आली नाही. एकच चमत्कारिक गोष्ट, पलंग मोठा असून ती दाराकडच्या कडेला, एवढ्याशा जागेत निजायची. आणि दुसरी, आईचं लाटणं रोज सकाळी गायब. पोळ्यांच्या वेळेला सगळं घर लाटणं शोधतंय, आणि ते सापडायचं वरच्या खोलीत, शिवूच्या उशीखाली. विचारलं तर सांगायची नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी ते झालं. फोन तिनं आधी घेतला, आणि तू काही बोलायच्या आत म्हणाली, 'मम्मी, तू आत्ता येऊ नको. अजिबात येऊ नको.' आणि फोन माझ्या हातात देऊन पळाली. नुसता तुझा श्वास ऐकू येत होता, मग वेळ संपली. मागच्या रविवारी तू अगदी शांत आवाजात बोललीस, तो आवाज मला रडण्यापेक्षा जास्त लागला. म्हणालीस, जिच्यासाठी हे चाललंय तिलाच मी नको झाले, मग ही कवायत कशाला? घरी लेकराला बघायला कुणी नाही, असा तुझ्या सहीचा अर्ज पाठव, मी राजीनाम्याला जोडते. आणि मी म्हणालो, 'बरं. पाठवतो.'

आता लाजेची गोष्ट. निकिता, मला आनंद झाला होता. फोन ठेवला आणि पहिल्यांदा जे मनात आलं ते हे, की ही येणार. मी तुझी उशी उन्हात टाकली. तुझ्या बाजूची चादर बदलली. शीळ घालत होतो म्हणून आईनं विचारलं, पगार वाढला का? तीन वर्षं तुला चहा आणून दिला, गावभर सांगत फिरलो की बायको फौजदार होणार, माकणीला तुझ्या वडिलांसमोर तर भाषणच केलं होतं मी. ते सगळं खरं होतं. पण तू गेल्यापासून पलंगाच्या त्या बाजूला मी पुस्तकं, वह्या, इस्त्रीचे कपडे काहीबाही टाकून ठेवतो, रिकामी दिसू नये म्हणून. हेही खरं होतं. शिवूला एकटं निजायला शिकवायला निघालो होतो, आणि मास्तरच नापास. ती तसं का म्हणाली, हे वर जाऊन तिला विचारायला मला दोन मिनिटं लागली असती. मी विचारलं नाही. उत्तर ऐकलं तर तुला थांबवावं लागेल, अशी भीती वाटली असावी. मंगळवारी संध्याकाळी चांगल्या अक्षरात अर्ज लिहिला, सही केली, आणि शाई वाळायला म्हणून याच टेबलावर तुझ्या कंपासपेटीखाली ठेवला. घरी लेकराला बघायला कुणी नाही, असं लिहिताना खाली आई शिवूला भात भरवत होती, ते मला ऐकू येत होतं.

गुरुवारी शाळेतून आलो, अर्ज पाकिटात घालावा म्हणून उचलला, तर मागची बाजू रंगलेली. आता पिन काढ, निकिता, आणि कागद उलटा कर. मधे मोठा पलंग आहे, त्यावर झोपलीय ती तू. डोक्यावर टोपी आहे, कारण 'पोलीस टोपी काढत नसतात.' कानातले डूल तिनं टोपीएवढे मोठे काढलेत. वर लाल ठिपके आहेत ते पवनचक्क्यांचे दिवे, मोज, बरोबर अकरा आहेत. दाराबाहेर दोन वेण्यांची जी उभी आहे ती शिवू, आणि तिच्या हातातली ती काठी नाही, आज्जीचं लाटणं आहे. मी तिला शेजारी बसवून विचारलं, हे काय गं? तिनं मला शाळेतल्या ढ पोराला समजावतात तसं समजावलं. मम्मी शक्ती घ्यायला गेलीय, देवीसारखी. आज्जीनं सांगितलं. देवीचे आठ दिवस, मम्मीचे जूनपर्यंत. ही मम्मीची खोली, म्हणून राखण मी करते. मम्मी आत्ताच आली तर झोप अर्धी राहंल, मग राक्षस जितंल, म्हणून मी तिला येऊ नको म्हटलं. हे सांगून तिनं कोपऱ्यातल्या शिंगवाल्या राक्षसावर बोट ठेवलं. त्याला शिंगं आहेत, मोठे दात आहेत, आणि मिशा आहेत. मिशा कशाला, म्हणून विचारलं, तर म्हणाली, 'राक्षसाला असत्यातच.' माझ्या मिशांना हात लावायचीसुद्धा मला लाज वाटली. दुसरा कोरा अर्ज लिहून पाठवणं सोपं होतं. तो मी लिहिणार नाही. हाच पाठवतोय, सहीसकट, कारण ठरवायचं तुलाच आहे आणि तुझ्या वतीनं ठरवायचा माझा हक्क मी मंगळवारीच घालवला. एवढंच लक्षात ठेव, हा अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवशील तर त्याची ही बाजूही त्यांना दिसणार. तू आलीस तर दार उघडंच आहे. पण माझं खरं मन विचारशील तर ते आज असं आहे, की तुझी झोप पुरी होऊ दे, बाई, मी रिकाम्या बाजूला पुस्तकं टाकून काढीन दिवस जूनपर्यंत. लिहिता लिहिता ऊन पलंगावरून खाली उतरलं, शिवू उठून बसलीय आणि डोळे चोळत विचारतेय, काय लिहिताय? म्हटलं, मम्मीला पत्र. तिनं घाईनं ओठांवर बोट ठेवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, 'हळू लिहा ना पप्पा. उठंल ती.'

तुझाच,
रणधीर